बाहेरचा घोटा का दुखत राहतो?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर पहाटे पाचपासून पोरंपोरी धावायला लागतात. मैदानी चाचणीचे गुण ५०, आणि त्यातले २० एकट्या लांब धावण्याला: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. काल-परवापर्यंत लायब्ररीत बसून अभ्यास करणारा मुलगा दोन-तीन आठवड्यांत रोज पाच-सहा किलोमीटरवर येतो. मग एके दिवशी उजव्या किंवा डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यामागे चमक येते. कुठे पडलेला नसतो, ठेच लागलेली नसते. धावायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना पुन्हा हजर. घरचे म्हणतात, “पाय मुरगयला असंल”, “शीर चढली असंल”. गरम तेलाने चोळून होतं, हळदीचा लेप होतो, मेडिकलमधून दोन गोळ्या येतात. चार दिवस विश्रांती घेतली की बरं वाटतं. पाचव्या दिवशी धावला की दुखणं जागच्या जागी.

हे दुखणं फक्त धावणाऱ्यांचं नाही. नांगरलेल्या वावरात ढेकळांवरून दिवसभर चालणाऱ्या शेतकऱ्याला ते होतं, धुऱ्याच्या उतारावरून तिरकं चालणाऱ्या बाईला होतं, रुळांलगतच्या गिट्टीवरून मैलोन् मैल चालणाऱ्या रेल्वेच्या गँगमनला होतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेणाऱ्या कावडीत अठरा-वीस किलोमीटर अनवाणी, खांद्यावर भार घेऊन, रात्रभर चालणाऱ्या तरुणालाही पुढचे कित्येक दिवस ते पुरतं. तरी या दुखण्याची नीट ओळख आपल्याकडे फारशी नाही. गुडघा सगळ्यांना कळतो, टाच कळते, कंबर तर कळतेच. बाहेरच्या घोट्यामागच्या दुखण्याला मात्र ‘लचक’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि उपाय नेमका उलटा होतो.

बसल्या जागी एक करून बघा. एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. बाहेरच्या बाजूला जे टेंगूळ हाताला लागतं तो घोटा, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं खालचं टोक. त्या टेंगळाच्या मागच्या कडेला बोट टेकवा आणि पावलाची करंगळीकडची कड बाहेर आणि वर वळवा. बोटाखाली काहीतरी टणकन ताठ होईल. तीच ती ‘शीर’. खरं म्हणजे ती रक्ताची शीर नाही आणि मज्जातंतूही नाही, ती कंडरा आहे: स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी. आणि तिथे एक नाही, दोन आहेत. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला दोन स्नायू असतात, पेरोनियस लाँगस आणि पेरोनियस ब्रेव्हिस. त्यांच्या कंडरा एकमेकींना चिकटून घोट्याच्या मागच्या खोबणीतून खाली उतरतात आणि तिथून वळून पुढे जातात. ब्रेव्हिसची कंडरा पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या मागच्या टोकाला जाऊन चिकटते. पावलाच्या कडेवरून बोट फिरवलं तर साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो, तोच तिचा मुक्काम. लाँगस त्याहून लांबचा प्रवास करते. ती तळपायाखाली शिरते, तळपाय आडवा ओलांडते आणि थेट अंगठ्याच्या लांब हाडाच्या मुळाशी पोचते.

या दोघींचं काम एका वाक्यात सांगायचं तर पाऊल आतल्या बाजूला मुडपू न देणं. आपण प्रत्येक पाऊल टाकतो तेव्हा, विशेषतः जमीन समतल नसेल तेव्हा, पावलाचा कल आत वळून बाहेरच्या कडेवर पडण्याकडे असतो. या दोन कंडरा त्याला बाहेरून ओढून धरतात. लाँगस त्याशिवाय अंगठ्याचं मूळ जमिनीवर दाबून धरते, म्हणून पाऊल उचलताना जोर अंगठ्यावरून जाऊ शकतो. सपाट फरशीवर त्यांना फार कष्ट नाहीत. ढेकळांत प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं आणि प्रत्येक पावलाला त्यांची परीक्षा असते.

आता त्या वळणाकडे लक्ष द्या. मोटेचा दोर विहिरीच्या चाकावरून वळतो तिथेच आधी झिजतो, तशीच ही जागा आहे. कंडरा ओढ सहन करायला बनलेली असते. पण हाडाला वळसा घालताना तिला ओढीबरोबर दाबही सोसावा लागतो, आणि ओढ व दाब एकत्र आले की तिचं दुखणं सुरू होण्याचा संभव वाढतो. जिल कुक आणि क्रेग पर्डम या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट संशोधकांनी २०१२ साली हा मुद्दा नेटाने मांडला. घोट्याच्या खोबणीत ब्रेव्हिसची परिस्थिती आणखी बिकट असते. मागून लाँगस तिला दाबते, पुढून हाड. म्हणून या जागी कंडरा फाटते तेव्हा बहुधा ब्रेव्हिस फाटते, आणि तीही आडवी तुटत नाही, लांबीत चिरते.

वऱ्हाडातली जमीन या कंडरांना विशेष कामाला लावते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात वावरातून चालायचं म्हणजे भेगा चुकवत आणि ढेकळं फोडत चालायचं. पावसाळ्यात त्याच्या उलट. चिखल चपलेला चिकटतो, थरावर थर चढत जातो, आणि वीस-पंचवीस पावलांत चपलेखाली गोल, जड गोळा तयार होतो. काडीने खरवडून टाकला तरी पुन्हा तेच. त्या गोळ्यावर पाऊल स्थिर राहत नाही. चपलेला टाच धरून ठेवणारा मागचा भागही नसतो, म्हणजे पाऊल सावरायचं सगळं काम घोट्यामागच्या या दोघींवर येतं. डवरणीच्या दिवसांत पिकाच्या दोन ओळींमधून सकाळपासून दुपारपर्यंत असं चालणाऱ्या माणसाचा घोटा संध्याकाळी दुखला नाही तरच नवल.

रस्त्यावर धावणाऱ्यांची अडचण वेगळी, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला. पण गुळगुळीत रस्ता सपाट नसतो. पाणी साचू नये म्हणून प्रत्येक डांबरी रस्त्याला कडेकडे साधारण दोन-अडीच टक्के उतार ठेवलेला असतो. रस्त्याच्या डाव्या कडेने धावलं की डावं पाऊल सतत उतारावर, म्हणजे बाहेरची कड खाली आणि आतली वर, असं पडतं. एका पावलाला हा फरक काहीच नाही. पण पाच किलोमीटर धावताना प्रत्येक पाय दोन हजारांहून जास्त वेळा जमिनीला टेकतो, आणि दर वेळी त्याच पायाच्या बाहेरच्या कंडरा ताणल्या जातात. हमरस्त्यावर धावणं जिवाला धोक्याचं आहेच. शाळेचं किंवा कॉलेजचं मैदान मिळालं तर तेच बरं. गावातल्या कमी वर्दळीच्या रस्त्यावरच धावणं भाग असेल, तर ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना वाटून मिळेल.

पण एकाच रस्त्यावर, एकाच उतारावर धावणाऱ्या दहा जणांतल्या दोघांचंच का दुखतं? उत्तर कंडरेच्या स्वभावात आहे.

कंडरा मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची असते. तिच्यात पेशी कमी, रक्तपुरवठा कमी. स्नायूला भार दिला की तो काही आठवड्यांत बळकट होतो, दम त्याहून लवकर वाढतो. कंडरा मात्र अतिशय संथ. किती संथ, ते डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली एका विलक्षण पद्धतीने दाखवलं. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता आणि नंतर तो हळूहळू उतरत गेला. अन्नातून तो प्रत्येकाच्या शरीरात गेला. म्हणून शरीरातला एखादा भाग केव्हा तयार झाला, हे त्यातल्या कार्बनच्या प्रमाणावरून सांगता येतं. मृत व्यक्तींच्या टाचेमागच्या मोठ्या कंडरेची अशी तपासणी केली तेव्हा दिसलं की तिचा गाभा वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो आणि पुढे जवळजवळ नव्याने बनतच नाही. बारावीत असताना जो गाभा घडला, तोच साठीतही सोबत असतो. ही तपासणी टाचेच्या कंडरेची होती, बाहेरच्या घोट्याची नव्हे. पण रचना तीच आहे, आणि या दुखण्याची चिवट चाल त्यावरून समजते.

याचा अर्थ कंडरा मेलेली दोरी आहे असा नाही. भार दिला की तिच्यातल्या पेशी जाग्या होतात. व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास कोलॅजन जितकं बनतं त्यापेक्षा जास्त मोडतं, आणि त्यानंतर बनण्याचं पारडं जड होतं. म्हणजे आज जोरात धावलात आणि उद्या पहाटे पुन्हा तितकंच धावलात, तर कंडरा दर वेळी तोट्याच्या काळातच पकडली जाते. एक दिवसाआड धावणाऱ्याला तिची भरपाई मिळते. पहाटे धावणाऱ्या दहा जणांतले आठ लहानपणापासून शेतात राबलेले किंवा शाळेत खेळलेले असतात, त्यांच्या कंडरेला भाराची सवय असते. उरलेल्या दोघांचा स्नायू तयार होतो, छाती तयार होते, कंडरा मागे राहते. त्यातच पावलाची कमान उंच असेल, पूर्वी कधी पाय मुरगळला असेल, मधुमेह असेल, तर तोल आणखी ढळतो.

कुक आणि पर्डम यांनीच २००९ साली कंडरेच्या दुखण्याचे टप्पे मांडले, आणि आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट ते वापरतात. अचानक भार वाढला की कंडरा आधी फुगते. हा टप्पा परतीचा आहे, भार कमी केला की ती पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष केलं की तंतूंची वीण विसकटते. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर काही भाग निकामी होतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पण त्या निकामी भागाभोवती बहुतेक वेळा पुरेशी निरोगी कंडरा शिल्लक असते. तिला बळकट केलं की दुखणं थांबतं आणि माणूस कामाला लागतो. सोनोग्राफीत खराबी दिसत असतानाही बिनदुखत धावणारे लोक आहेत, ते यामुळेच.

मुरगळण्याचा आणि या दुखण्याचा संबंध मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते. पाय मुरगळतो तेव्हा हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध ताणले जातात. सूज उतरते, आठ-पंधरा दिवसांत माणूस चालायला लागतो आणि विषय संपला असं समजतो. १९६५ साली लंडनमधले शल्यविशारद मायकेल फ्रीमन यांनी दाखवलं की अस्थिबंधाबरोबर पावलाची जाणही दुखावते, म्हणजे आपलं पाऊल कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणा. पाऊल आत वळलं की बाहेरच्या स्नायूंनी आवळून प्रतिकार सुरू करायला साधारण ६० ते ८० मिलीसेकंद लागतात. पाय मुरगळायलाही त्याहून फारसा जास्त वेळ लागत नाही. म्हणून निरोगी माणसाचा मेंदू पाऊल टेकायच्या आधीच या स्नायूंना सज्ज करून ठेवतो. मुरगळलेल्या पायात ही सज्जता ढिली पडते, पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो, आणि दर वेळी कंडरांना शेवटच्या क्षणी झटका सोसावा लागतो. मुरगळलेला पाय चालता झाल्यावर एका पायावर उभं राहण्याचा सराव करायला सांगतात त्याचं कारण हे. तो सराव आपल्याकडे कोणीच करत नाही.

दुखणं नेमकं कुठलं, हे बोटाने बरंचसं कळतं. घोट्याच्या पुढे आणि खाली दुखत असेल तर बहुधा अस्थिबंध. घोट्याच्या मागे किंवा टोकाखाली दुखत असेल आणि कोणी हाताने अडवलेलं असताना पाऊल बाहेर ढकललं की नेमकी तिथेच कळ येत असेल, तर कंडरा. करंगळीच्या हाडाच्या त्या उंचवट्यावर दुखत असेल तर ब्रेव्हिस जिथे चिकटते ती जागा. पण इथे सावध राहायला हवं, कारण तेच हाड मोडतंही. रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने १९०२ साली या हाडाच्या एका फ्रॅक्चरचं वर्णन केलं, आणि त्यातला एक रुग्ण ते स्वतः होते: नाचताना त्यांचंच हाड मोडलं होतं. एक्स-रे केव्हा काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली सोपे नियम केले. पाय मुरगळल्यावर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावरही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर, करंगळीच्या त्या उंचवट्यावर अथवा पावलाच्या आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडावर दाबल्याने दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. अशा वेळी चोळणाऱ्याकडे न जाता आधी उपजिल्हा रुग्णालयात जावं.

कंडरा एक्स-रेत दिसत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी उत्तम, कारण पाऊल हलवता हलवता बघता येतं. ‘कट्’ असा आवाज होऊन कंडरा खोबणीतून घोट्यावर सरकते की काय, हे त्यात कळतं. एमआरआयबाबत एक गोष्ट रुग्णाने जाणून घ्यावी. कंडरेचे तंतू यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करतात तिथे निरोगी कंडराही चित्रात पांढरी, दुखावल्यासारखी दिसते. आणि घोट्यामागचं वळण ही त्याची नेहमीची जागा. म्हणून रिपोर्टमधल्या एका ओळीवरून घाबरून शस्त्रक्रियेची घाई करू नये. चांगला डॉक्टर आधी पाय बघतो, मग रिपोर्ट.

एक लक्षण वेगळं काढायला हवं. घोटा दुखत नाही, पण पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आहे, असं असेल तर दोष कंडरेत नसून मज्जातंतूत असतो. या स्नायूंना चेतवणारा मज्जातंतू गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडावरून अगदी उघडा जातो. निंदण करताना तासन् तास उकिडवं बसलं की तो दाबला जातो आणि पाऊल लुळं पडतं, बहुतेकदा तात्पुरतं. हाच मज्जातंतू कुष्ठरोगातही बाधित होतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, त्या काळात लुळं पाऊल घेऊन आयुष्य काढण्याला फारसा पर्याय नव्हता. आज कुष्ठरोगावरची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर सुरू केली तर मज्जातंतू वाचतो. बधिर चट्टा आणि लुळं पाऊल लपवण्यात काहीच हशील नाही.

आता उपचार. पूर्ण विश्रांती हा उपाय वाटतो, पण भार काढून घेतला की कंडरा आणखी कमजोर होते. म्हणूनच पाचव्या दिवशी दुखणं परत येतं. दुखवणारा भार कमी करायचा आणि सोसवेल असा भार सुरू ठेवायचा, हे तंत्र आहे. हे सगळ्यांत ठळकपणे सिद्ध केलं ते स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी. १९९८ साली त्यांनी टाचेची कंडरा दुखणाऱ्या, शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत असलेल्या १५ हौशी धावपटूंना रोज टाच सावकाश खाली नेण्याचा जड व्यायाम दिला. दुखलं तरी करायचा होता. १२ आठवड्यांत सगळे पुन्हा धावायला लागले. घोट्याच्या बाहेरच्या कंडरांवर असे मोठे अभ्यास फार कमी झाले आहेत. फिजिओथेरपिस्ट टाचेच्या कंडरेवरून शिकलेलं तत्त्व इथे वापरतात, आणि ते वापरण्यासारखं आहे.

सुरुवातीला खुर्चीवर बसून पावलाची बाहेरची कड भिंतीला किंवा टेबलाच्या पायाला टेकवावी आणि गुडघा न हलवता बाहेर दाबावं. पाऊल जागचं हलत नाही, फक्त जोर लागतो. ३० ते ४५ सेकंद धरायचं, सोडायचं, चार-पाच वेळा. दुखणं थोडं शमलं की सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्यावी. एक टोक पलंगाच्या पायाला बांधावं, दुसऱ्या टोकाचा फास पावलाच्या पुढच्या भागात अडकवावा. तीन मोजेपर्यंत पाऊल बाहेर न्यायचं, तीन मोजेपर्यंत परत आणायचं. परत येणं जास्त महत्त्वाचं. झटक्यात सोडलं तर व्यायाम वाया गेला. दहा-पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. त्याबरोबर पायरीच्या कडेला उभं राहून टाचा उचलायच्या, पण वर जाताना जोर करंगळीवर न देता अंगठ्याच्या मुळावर द्यायचा, म्हणजे लाँगस कामाला लागते. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर दप्तरात पुस्तकं भरून. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून, पण भिंत हाताशी असू द्यायची. उड्या आणि धावणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही आधी एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं असं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. कारिन सिल्बरनागेल यांनी २००७ साली टाचेच्या कंडरेच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं चालवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते वाढलेलं नसावं. सकाळचं पहिलं पाऊल हेच मोजमाप. जास्त दुखलं तर कालचा भार जास्त झाला, एक पायरी मागे यायचं.

भार हळूहळू वाढवणं आपल्याकडे नवीन वाटायचं कारण नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि तिथली तुकडी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आली. जोर-बैठका करणाऱ्या पोराला तिथे किंवा गावच्या तालमीत पहिल्या दिवशी कोणी दोनशे बैठका मारायला सांगत नव्हतं. दहावर सुरू करायचं आणि महिन्यामहिन्याने चढवत न्यायचं, हा वस्तादांचा नेम होता. कंडरेला नेमकं हेच लागतं. भरतीच्या घाईत तेवढंच सुटतं.

काही गोष्टी टाळायला हव्यात, आणि त्या मी ठामपणे सांगतो. दुखऱ्या घोट्यावर जोरात चोळून घेणं म्हणजे हाडावर दाबल्या गेलेल्या कंडरेला आणखी दाबणं. बिब्बा तर मुळीच लावू नये. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि आत कंडरेपर्यंत काहीच पोचत नाही. चाचणीच्या आधी ‘एक इंजेक्शन मारून घे’ हा सल्ला सर्रास दिला जातो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे दुखणं दबतं हे खरं. पण २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रूक कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात कोपराच्या दुखण्यावर हे इंजेक्शन घेतलेले रुग्ण काही महिन्यांनंतर न घेतलेल्यांपेक्षा मागे पडलेले दिसले. दुखणं कळत नसताना आधीच कमजोर कंडरेवर जोरात धावणं म्हणजे तिला फाटण्याकडे नेणं. आणखी एक गोष्ट औषधांची. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकांनी कंडरेला इजा होऊ शकते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापायला लावला. हगवण लागली की चिठ्ठीशिवाय हीच गोळी आपल्याकडे घेतली जाते. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्या, ती जीव वाचवते. पण ती सुरू असताना घोटा किंवा टाच दुखायला लागली तर धावणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते: कंडरा खोबणीतून सरकत असेल, मोठी चीर असेल, किंवा काही महिने नीट व्यायाम करूनही काम अडत असेल, तर. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि अमरावतीत अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, त्यांचा सल्ला घ्यावा. त्याआधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा डोळ्यांसमोर करून घ्यावा. चुकीचा होत असेल तर तिथेच कळतं.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्यांना आणि गावोगावच्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. मुलांना तीन-चार महिने आधीपासून एक दिवसाआड धावायला लावा, मधल्या दिवशी टाचा उचलण्याचा आणि एका पायावर तोल सावरण्याचा व्यायाम द्या, आणि ज्याचा बाहेरचा घोटा दुखतो त्याला रांगेतून बाजूला घेऊन आधी बोट लावून बघा. बारा आठवड्यांचा धीर धरला तर यातली बहुतेक मुलं पुढची चाचणी स्वतःच्या पायांवर धावून देऊ शकतात.